गप्प पेशंटची नक्कल

दीपमाला सिस्टर आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली आणि आठवडा उलटायच्या आत अख्ख्या कॉलनीत बातमी फुटली, की ही बाई स्कूटीवर अर्धं मढं घेऊन फिरते.

बातमी चंदाकाकूंची. चंदाकाकू बातमी सांगताना आधी पदर तोंडाशी नेतात, मग डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि मग इतक्या जोरात कुजबुजतात की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं. "अवं माय, माह्या डोयानं पायलं! पोत्यात होतं. मुंडकं बाहेर. कमरेखाली काईच नाई! आन् सिस्टर त्याले म्हने, नीट बस, पडशीन!"

ही नक्कल मी घरी जेवताना केली तेव्हा बाबांना ठसका लागला. मग कॉलेजात केली, ट्यूशनला केली, मामाच्या साक्षगंधात केली. प्रत्येक वेळी मढं थोडं थोडं वाढत गेलं. शेवटी शेवटी ते डोळे मिचकावत होतं.

खरी गोष्ट अशी होती. मढं नव्हतं, रबराचा माणूस होता. डोकं, छाती, पोट, संपला. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, हे नर्सना शिकवायला हॉस्पिटलात असा पुतळा ठेवतात. दाबून दाबून त्याची छाती फाटली होती, म्हणून सिस्टर त्याला बडनेऱ्याच्या सीटकव्हरवाल्याकडे टाके घालायला नेत होती. आणि "नीट बस, पडशीन" हे मागे पोतं धरून बसलेल्या आरती नावाच्या नर्सला म्हटलेलं होतं.

हे मला कळलं, कारण मी जिन्यात गाठून सरळ विचारलं. सिस्टरने उत्तर दिलं आणि वर म्हणाली, "चंदाबाईची नक्कल करते म्हने तू. कर बरं."

मी केली. पदर, डावीकडे, उजवीकडे, सगळं. माझी ही नक्कल बघून न हसलेलं माणूस तोवर अमरावतीत सापडलं नव्हतं. सिस्टर हसली नाही. डोळे मिटून ऐकत होती. "पुन्हा कर," म्हणाली. मी पुन्हा केली.

"चंदाबाई वाक्याच्या मधातच श्वास घेते, हे तू बरोबर पकडलं," ती म्हणाली. "आन् शेवटाले बारीक शिट्टी वाजते. दमा हाये का तिले?"

मी तिथेच जिन्यात बसले. मला चंदाकाकूंचा पदर दिसला होता, भुवया दिसल्या होत्या. दमा मला दिसला नव्हता, आणि माझ्या तोंडातून तो रोज सगळ्या गावाला ऐकू जात होता! पुढे काकूंना डॉक्टरांनी खरंच पंप दिला. त्या अजून सांगतात, सिस्टर इथं राहायला आली आणि मले दमा लागला.

त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले.

मावशी मूळची बार्शीटाकळीची, दीपमाला खुशालराव मेहरे. घरची माळवं पिकवणारी माणसं. खुशालराव वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन पहिल्या गाडीने अकोल्याच्या बाजारात जायचे आणि दुपारी रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून यायचे. मावशीने नर्स व्हायचं ठरवलं ते सेवाभावाने वगैरे नाही. लहानपणी ताप आला म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, तिथे सरपंच बिडी ओढत आत शिरला. एक ठेंगणी सिस्टर त्याला म्हणाली, "बाहेर." एवढंच. आणि सरपंच बाहेर गेला, बिडी विझवून परत आला. "बार्शीटाकळीत त्या मानसाले बाहेर म्हननारं कोनीच नव्हतं," मावशी सांगते. "म्या म्हटलं, आपल्याले हेच काम पायजे."

आता ती अमरावतीच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात वॉर्डमधल्या नर्सना शिकवते. काय शिकवते, तर आयसीयूच्या बाहेर, साध्या वॉर्डात पडलेल्या माणसाची तब्येत हातातून जायला लागली, तर ते कसं ओळखायचं आणि वरच्या मजल्यावरच्या आयसीयूतून माणसं येईपर्यंत काय करायचं.

हे शिकवायची पाळी तिच्यावर का आली, ते तिने मला थंडीत एका दुपारी गच्चीवर सांगितलं. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी कुठल्या तरी मास्तरांची नक्कल करत होते. ती मधेच म्हणाली, "तुले एक सांगतो, पन याची नक्कल करू नको."

ती तेव्हा नवीन होती, अकोल्यातल्या एका दवाखान्यात जनरल वॉर्डात. नत्थुजी म्हणून बाळापूरचे एक पेशंट होते, न्युमोनिया झालेले. दिवसभर त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मले घरी जाऊ द्या, गाडी बोलवा, हे काय टोचलं, काढा. सलाइन उपटलं, शेजारच्याला शिव्या दिल्या, चहाचा कप फेकला. सगळा वॉर्ड कंटाळला. संध्याकाळी ते एकदम शांत झाले.

"मले इतकं बरं वाटलं, मोनाली, काय सांगू. त्याहिची सून बाजूले बसून होती. ते म्हने, 'सिस्टर, मामंजी असे झोपत नाईत. ते घोरतात. त्याहिच्या घोरन्यानं म्हैस उठते.' म्या तिले असं केलं." मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "म्हटलं, दमले बिचारे, झोपू द्या. वरचा लाइट बंद केला. चादर पांघरली, पायापासून गळ्यापर्यंत. चांगली मायेनं."

शेंगा सोलणारे माझे हात थांबले होते. तिचे चालू होते.

"मंग?"

"मंग काय. गोयी द्यायले उठवाले गेली, तं उठले नाई."

"म्हणजे तुमी मारलं त्याहिले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मावशीने एक शेंग सोलली, किडका दाणा बाजूला टाकला. "मारलं नाई. मरू देल्लं. यात काय फरक हाये, हे म्या लय जनाले विचारलं. डॉक्टरनं सांगितलं, बिमारीच तशी होती. बाबानं सांगितलं, तुया दोष नाई. सुनेनं काईच सांगितलं नाई. ते नुसती माह्याकडे पाहे."

पुढे ती अमरावतीच्या या हॉस्पिटलात आली, तिने आयसीयूची ड्यूटी मागून घेतली आणि तिथेच वर्षानुवर्षं राहिली. मशीन शिकली, औषधं शिकली, सगळं शिकली. पण वॉर्डातून वर येणारा पेशंट स्ट्रेचरवरून उतरवला, की सोबतची नर्स एकच वाक्य म्हणायची: "आत्ताच तर शांत झाले होते." दरवेळी तेच वाक्य. शेवटी मावशी म्हणाली, वर बसून वाट कशाला पाहायची, मी खालीच जातो.

तर अशी ती खाली आली. आणि तिने जी काय शाळा काढली, ती पाहून अख्खं हॉस्पिटल हादरलं.

बीपी, ऑक्सिजन, लघवी किती झाली हे तर होतंच. श्वास मोजताना पेशंटचं मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवायचं, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, हेही होतं. पण त्यावर मावशीची एक स्वतःची गोष्ट होती. ड्यूटी बदलताना जाणाऱ्या नर्सने येणाऱ्या नर्सला गंभीर पेशंटची नक्कल करून दाखवायची. तो कसा बोलतो, वाक्य कुठे तोडतो, कशावरून चिडतो, झोपतो कसा. आणि येणाऱ्या नर्सने तीच नक्कल परत करून दाखवायची. "बीपी मशीन सांगते," मावशी म्हणायची, "पन हे मानूस कालच्यासारखं हाये का नाई, हे मशीनले काय माहीत? मशीन काय त्याच्या घरी जेवाले गेली होती?"

विचार करा. सकाळी हॉस्पिटलात तुम्ही पेशंटला डबा घेऊन जाता, आणि पडद्यामागे पांढऱ्या कपड्यातली एक बाई दुसरीला म्हणते आहे, "ए बाई, मले पानी नोको, मले माह्या पोराचा फोन लावून दे." आणि दुसरी म्हणते, "अहं, ते 'पोराचा' म्हनताना थांबतात. पुन्हा कर."

हे ऐकल्यावर मला कोण अडवणार? मी मावशीच्या मागेच लागले. तिनेही नाही म्हटलं नाही. रविवारी नर्सचा वर्ग असे, त्यात खोटा पेशंट म्हणून झोपायला तिला कोणीतरी हवंच होतं.

पहिल्या रविवारी मी जीव ओतला. कण्हले, विव्हळले, छाती धरली, पाय झाडले, डोळे वर नेले, जीभ बाहेर काढली, "माय वं" म्हणून अशी किंकाळी फोडली की बाहेरचा वॉर्डबॉय आत धावत आला. नर्सनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

मावशी नर्सकडे वळली. "हे पेशंट कसं हाये?"

"सीरियस!" सगळ्या एकदम.

"हे पेशंट ठनठनीत हाये. एवढं बोंबलाले छातीत हवा लागते. याले आजच सुट्टी द्या, जागा अडवून राह्यलं."

माझा चेहरा असा पडला की आरतीलासुद्धा हसू आलं, आणि आरती हसत नसे.

मग मावशीने मला दुसरीच नक्कल शिकवली. माणूस आधी अख्खं वाक्य बोलतो. मग वाक्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला एक श्वास. मग एकेक शब्द. मग फक्त मान हलते. मग तीही हलत नाही, आणि घरचे म्हणतात, डोळा लागला. "ते शेवटचं मले पायजे," ती म्हणाली. "गप्प पेशंट. ते ओयखाले शिकवाचं हाये."

बाप्पा! मी आजवर आवाज करायला शिकले होते, आवाज घालवायचा कसा ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. घरी आरशासमोर सराव केला. एकदा आईने पाहिलं आणि माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं.

आता आरतीबद्दल. आरती तिवस्याची, वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. आवाज इतका खालचा, की ती बोलली की लोक वाकतात. नकलेत एकदम ढ. तिचा प्रत्येक पेशंट एकाच आवाजात बोलायचा आणि तो आवाज आरतीचा असायचा. पठाण चाचा असो, शाळेतल्या बाई असोत, सगळे आरती. मी म्हणायचे, "आरतीताई, तुमच्या वॉर्डात सगळे तिवस्याचेच कसे काय भरती होतात?" ती कान लाल करून "असू दे वं" म्हणायची आणि मला मनातून वाटायचं, मावशी हिच्यावर वेळ वाया घालवून राह्यली.

मग एक दिवस हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर, वानखडे सर, सकाळी पडद्यामागे डोकावले. आत ड्यूटी बदलणं चालू होतं. एक नर्स तोंड वासून दुसऱ्या नर्सपुढे घोरत होती.

वानखडे सर प्रत्येक दुसऱ्या वाक्याला "लक्षात येतंय का?" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. "सिस्टर, हे हॉस्पिटल आहे की कॉलेजचं गॅदरिंग? पेशंटच्या नातेवाइकांनी पाहिलं तर? लक्षात येतंय का?"

मावशी म्हणाली, "येतंय सर. पण बरं झालं तुम्ही आलात. मला तुम्हाला एक मागायचंच होतं." सरांशी ती असं छापील बोलते.

तिला जे हवं होतं ते असं. वॉर्डात कोणाची तब्येत बिघडतेय असं नर्सला वाटलं, की तिने आधी वॉर्डच्या डॉक्टरला कळवायचं, त्याने येऊन बघायचं, त्याने मोठ्या डॉक्टरला विचारायचं, मग आयसीयूला फोन. मावशीचं म्हणणं, एवढ्या वेळात नत्थुजी जातात. नर्सला वाटलं तर तिने स्वतः सरळ आयसीयूला फोन करावा, वरची माणसं खाली यावीत.

वानखडे सर काही वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "वर पलंग मोजके. प्रत्येक नर्स घाबरून फोन करायला लागली, तर माझी माणसं दिवसभर जिनेच चढतील-उतरतील. आणि जिथे खरी गरज आहे तिथे नसतील. तुमच्या पोरींना ओळखता येतं हे मला आधी दिसू द्या. मंगळवारी मी राउंडला येतो. तुमची ती खोटी पेशंट खऱ्या पेशंटमध्ये झोपवा. ड्यूटीवरच्या नर्सने पकडलं, तर फोनचं बोलू. नाही पकडलं, तर हा प्रकार बंद आणि तुम्ही परत वर, आयसीयूत. लक्षात येतंय का?"

आलं. मावशीच्याही, माझ्याही. मंगळवारी ती ज्यासाठी खाली आली होती ते सगळं एका पलंगावर टांगलेलं असणार होतं, आणि त्या पलंगावर मी. आणि मंगळवारी सकाळी बायकांच्या वॉर्डात ड्यूटी कोणाची? आरतीची.

मी मावशीच्या हातापाया पडले. "मावशी, ड्यूटी बदलवून घ्या. आरतीताईले नाई जमनार."

"बिमारी काय ड्यूटी पाहून येते?"

"मंग मी थोडं सोपं करतो. बारीकसं कण्हतो."

"सोपं करशीन तं माह्या जिन्यावर पाय ठेवू नको." ती असं बोलताना आवाज चढवत नाही, म्हणून जास्त लागतं. "आरतीले कमी समजून राह्यली का तू?"

"तिले एक नक्कल येत नाई! गप्प पेशंट ओयखनं तिच्याच्यानं होनारच नाई. शर्त लावता?"

"लाव."

ठरलं. मी जिंकले तर मावशीने चंदाकाकूंची नक्कल चंदाकाकूंसमोर करायची. ती जिंकली तर मी एक अख्खा दिवस कोणाचीही नक्कल करायची नाही, फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं. मी हात मिळवला आणि मगच डोक्यात प्रकाश पडला, की ही शर्त मी जिंकले तर मावशी हरते ती नुसती शर्त नाही. मला रडूच आलं. मावशी म्हणाली, "आता रडू नको. खरं कर, बस."

मंगळवारी सकाळी मी हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून कोपऱ्यातल्या पलंगावर झोपले. हाताला खोटं सलाइन चिकटवलं होतं, आणि आरतीने चेहरा ओळखू नये म्हणून डोक्याला भुवयांपर्यंत पट्टी गुंडाळली होती. शेजारच्या पलंगावर पार्बताबाई होत्या, तिवस्याकडच्या एका खेड्यातल्या. शुगरने पायाची जखम चिघळलेली. उशाशी सून स्टुलावर बसलेली.

पार्बताबाई म्हणजे माझ्यासारखीला मेजवानी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्या एकच उत्तर द्यायच्या. आराम पडला का? "कायचा आराम!" जेवल्या का? "कायचं जेवन!" मी पलंगावर चढता चढता म्हटलं, "आजी, आज उन्ह छान पडलं." "कायचं उन्ह!" म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तुले काय झालं वं, घोड्यावानी तं दिसून राह्यली." रात्रपाळीच्या नर्सने जाताना त्यांची फर्मास नक्कल करून दिली. आरतीने परत केली ती नेहमीसारखी, म्हणजे आरतीच "कायचं" म्हणाली. मी चादरीखाली हात जोडले. गेलं सगळं.

सर यायला उशीर झाला. मी पडून राहिले, पार्बताबाई पडून राहिल्या, वॉर्डात डबे आले, फरशी पुसून झाली. मग बुटांचा आवाज आला आणि मी सुरू केलं. डोळे अर्धे मिटले. श्वास वरवरचे, भराभर. तोंड जरासं उघडं. हात चादरीवर सोडून दिलेला. खरं सांगते, इतकी चांगली नक्कल मी जन्मात केली नव्हती. मलाच माझी भीती वाटायला लागली.

"काय सिस्टर," वानखडे सरांचा आवाज. "इथं सगळं ठीक आहे ना?"

"हो सर," कोणीतरी म्हणालं.

मग आरतीची पावलं. ती आली, माझ्या पलंगाशी थांबली. माझं मनगट धरलं. गार बोटं होती तिची. मी श्वास आणखी तोडले. म्हटलं, ओळख. आरतीताई, ओळख वं!

तिने हात सोडला आणि निघून गेली.

माझे डोळे मिटलेलेच होते, पण मला भिंतीशी उभी असलेली मावशी दिसत होती. वर जाताना ती जिना कसा चढेल तेही दिसत होतं.

"सिस्टर," वानखडे सर म्हणाले, "तुमचा पेशंट इकडे आहे. लक्षात येतंय का? परीक्षा या पलंगावर आहे."

"सर, बाजूले व्हा."

मी डोळे खाडकन उघडले. त्या हॉस्पिटलात वानखडे सरांना बाजूला व्हा म्हणणारं माणूस नव्हतं, आणि हा आवाज आरतीचा होता. खालचाच, पण कोणाला वाकावं लागलं नाही.

ती पार्बताबाईंवर ओणवी झाली होती. "आजी, जेवल्या का?"

काही नाही.

"आजी! गावाले पानी पडलं."

काही नाही.

सून घाबरून उठली. "आत्ताच डोया लागला सिस्टर. रातभर झोपल्या नव्हत्या. झोपू द्या ना."

आरतीने तिच्याकडे पाहिलं. "ह्या अशा झोपतात का?"

"नाई..." सून म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा पांढरा पडला. "नाई वं बाई. झोपेत बी भांडतात ह्या."

आरतीचा हात कपाळावर गेला, मग पावलांवर. छातीकडे बघत घड्याळ पाहिलं. बीपीचा पट्टा बांधला, आकडा बघितला, पायाकडची बाजू उंच केली, नाकाला ऑक्सिजन लावला, आणि मग ती चालत, धावत नाही, टेबलापाशी गेली आणि तिने फोन उचलला. वॉर्डच्या डॉक्टरला नाही. सरळ वर, आयसीयूला. ज्यांची परवानगी मिळायची होती ते तिथेच तिच्या पुढ्यात उभे होते आणि तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "बायकांचा वॉर्ड. शुगरची, पायाची जखम. शुद्ध हरपून राह्यली, अंग थंड, बीपी पडलं, श्वास लय जोरात हायेत. लवकर या."

वानखडे सरांचं तोंड उघडं होतं. मी सगळ्यांची तोंडं पाठ केलेली आहेत, पण हे असं मी पाहिलं नव्हतं. मग ते मिटलं. सरांनी पेन खिशात टाकला, पार्बताबाईंचा हात धरून नस शोधली, दुसरं सलाइन मागितलं. वरची माणसं आली तेव्हा पलंगाचं एक टोक सरांच्याच हातात होतं. "चला, चला," म्हणत ते दाराबाहेर गेले. "लक्षात येतंय का" म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

शेजारची जागा रिकामी झाली. मी हिरव्या झग्यात पलंगावर उठून बसले होते. माझ्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी सकाळपासून हळूहळू विझत होती. मी तिच्याशी बोलले होते. तिचं "कायचं" मी घरी जाऊन करून दाखवणार होते. ते कधी बंद पडलं, मला कळलं नव्हतं. मी माझ्या खोट्या श्वासात इतकी रंगले होते की खरा श्वास ऐकूच आला नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तुमाले दिसलं होतं?"

मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले आणि मान हलवली. "नाई. मी बी तुयाकडंच पाहून राह्यली होती."

पार्बताबाई वाचल्या. जखमेचं विष रक्तात गेलं होतं म्हणे, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. पायाचं बोट मात्र काढावं लागलं, त्यावरून त्या शुद्धीवर आल्यापासून सगळ्यांशी भांडल्या. वानखडे सरांनी त्याच दुपारी वॉर्डात येऊन सांगितलं, की उद्यापासून वॉर्डच्या सिस्टरला वाटलं तर तिने सरळ वर फोन करायचा, आणि फोन चुकीचा निघाला तर कोणी तिला बोलायचं नाही. "आणि त्या नकला," जाता जाता म्हणाले, "जरा पडद्यामागे करा."

राहिली शर्त.

मी संध्याकाळी मावशीपुढे मुद्दा मांडला, की आरतीताईने मला पकडलं नाही, मग शर्त मी जिंकले. मावशीने आरतीलाच वर बोलावलं. "हे म्हनते, तुनं हिले ओयखलं नाई."

आरतीने खाली बघत सांगितलं, "तुया हात गरम होता ना मोनाली. आन् नाडी कशी, लग्नात नाचाले निघाल्यावानी. मले समजलं, हे खोटं. मी तुयाजवळ थांबलीच असती, पन सर म्हनाले, सगळं ठीक आहे ना, आन् पार्बताआजी काईच म्हनाल्या नाई. एवढ्या मोठ्याने कोनी ठीक म्हटलं आन् त्या गप्प? मंग मले राहवलं नाई."

"मंग नक्कल एवढी खराब काहून करता?" मी चिडून विचारलं.

"तोंडातून येत नाई वं. कानात असते."

मावशी म्हणाली, "गप्प पेशंट ओयखला का नाई तिनं? मंग. उद्या सकायपासून."

बुधवारी मी शर्त पाळली. चंदाकाकू नाहीत, सर नाहीत, मास्तर नाहीत, कोणी नाही. नुसती मी. दुपारपर्यंत मी "हो", "नाही" आणि "पोळी वाढ" एवढं बोलले होते. आईने आधी माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग कपाळाला हात लावला, मग दारात जाऊन वर ओरडली, "सिस्टर, अहो सिस्टर! पोट्टी सकायपासून गप्प हाये. पाहा बरं जरा!"

मावशी खाली आली. शर्तीचं आईला काही बोलली नाही, हसलीही नाही. माझ्याजवळ बसली, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत माझे श्वास मोजू लागली.